मुक्काम आत की बाहेर

टोलिडो, ओहायो
१४ सप्टेंबर २०१९

प्रिय लोरेन,

सात वर्षांनंतर धाकट्या बहिणीचे पत्र यावे आणि त्यात हॉटेलांची तुलना असावी, हे पाहून तू पाकीट पुन्हा बंद करशील अशी मला भीती आहे. तरी पहिले पान तेवढे वाच. फोन करण्याचे धाडस माझ्यात नाही. ग्रंथालय बंद करण्याची वेळ झाली, एवढे सांगण्यासाठीही मला चार वेळा घसा साफ करावा लागतो. कागदावर मात्र मला बोलता येते.

गोष्ट अशी आहे. जानेवारीच्या शेवटी फ्लोरिडाला जायचे, असे आईने ठरवले आहे. लहानपणी आपण जायचो त्याच करमणुकीच्या पार्कमध्ये. तुला, ग्रेगला आणि टेसाला तिथे बोलवायचे आणि आम्ही दोघी इथून यायचे. आईने नातीला शेवटचे पाहिले तेव्हा टेसा सहा आठवड्यांची होती. मी म्हणाले, लोरेनच्या घरी टूसॉनलाच जाऊन भेटू या की. तर म्हणाली, “तिच्या दारात जाऊन उभी राहिले आणि तिनं दार उघडलंच नाही, तर? पार्कमध्ये निदान पोरीसाठी तरी येईल.” शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी तिने जूनमध्ये सोडली. “मरायला टेकले नाही गं मी,” असे ती सगळ्यांना सांगते, “पण गुडघ्यांचं काही खरं नाही. ते संप पुकारायच्या आत जाऊन येऊ.”

आता मुख्य प्रश्न. राहायचे पार्कच्या आवारातल्या हॉटेलात की बाहेर? तुला माझी सवय माहीत आहे. मी कागदावर उभी रेघ मारून दोन रकाने केले आहेत. आत राहणाऱ्यांना इतरांच्या आधी तासभर दार उघडते. दुपारी ऊन चढले की बसने खोलीवर येऊन दोन तास झोपता येते आणि संध्याकाळी ताजेतवाने होऊन परत जाता येते; टेसाच्या वयाला आणि आईच्या गुडघ्यांना ते सोयीचे पडेल. शिवाय काही खोल्यांच्या खिडकीतून रात्रीची आतषबाजी दिसते. बाहेर मात्र तेवढ्याच भाड्यात स्वयंपाकघरासह दोन खोल्या मिळतात, सकाळचा नाश्ता मिळतो, आणि दिवसभर गाणी ऐकून आल्यावर जेवणाच्या टेबलाशी तरी कुणी गात नाही.

आईला आत हवे आहे. तिची कारणे तिची तिलाच ठाऊक.

बाबा असते तर हा प्रश्नच उद्भवला नसता. “डोळे मिटल्यावर सगळी हॉटेलं सारखीच,” असे म्हणून त्यांनी चारही उन्हाळे आपल्याला हायवेवरच्या त्याच मोटेलात नेले. मी शोधले, लोरेन. ‘सी-हॉर्स’ आता नाही. त्या जागी गाद्यांचे दुकान आहे. समुद्रापासून पन्नास मैलांवरच्या त्या मोटेलाला समुद्रघोड्याचे नाव कुणी दिले, यावर तू आणि बाबा दर वर्षी नवी कथा रचत होतात. पोहण्याच्या तलावाच्या तळाशी रंगवलेल्या त्या घोड्याचा एक डोळा पुसला गेला होता आणि तो आपल्याकडे बघून डोळा मारतो, असे तू मला पटवले होतेस. खिडकीतल्या वातानुकूलन यंत्राचे पाणी थेंब थेंब बाहेर पडे आणि आत ओल्या टॉवेलांचा, संत्र्याच्या साबणाचा वास कोंडलेला असे. आई इस्त्रीची घडीची फळी उघडून तिच्यावर सँडविच करायची. मला अजूनही इस्त्रीची फळी दिसली की भूक लागते.

आणि त्या तलावात तू मला तरंगायला शिकवलेस. पाठीखाली फक्त तुझा एक हात होता. “आभाळाकडे बघ, माझ्याकडे नको,” असे तू म्हणायचीस. हात कधी काढून घेतलास, ते मला आजवर कळलेले नाही.

नोंदणी लवकर करावी लागते. उत्तर दिलेस तर बरे होईल.

तुझी,
हेझल


६ ऑक्टोबर २०१९

प्रिय लोरेन,

तुझे कार्ड मिळाले. चारच वाक्ये होती, पण तुझे अक्षर अजून तसेच डावीकडे कललेले आहे, हे पाहूनच मी ते बराच वेळ हातात धरून बसले. “आईला आत राहू दे. आम्ही बाहेर राहू. टेसाला आजी पार्कमध्ये भेटेल, तेवढं पुरे. आईला आतच का हवंय, ते मात्र खरं सांग.”

आधी पहिल्या तीन वाक्यांविषयी. वेगळ्या हॉटेलांत राहिले तर भेटणे वाटते तितके सोपे नाही. आतले लोक तासभर आधी आत जातात; तोवर बाहेरून आलेली माणसे दाराशी रांगेत उभी असतात. म्हणजे सकाळी आई आत आणि तुम्ही बाहेर. दुपारी ती झोपायला जाईल तेव्हा तुम्ही आत. तिचे गुडघे आणि टेसाचा उत्साह यांची वेळ दिवसातून तीन तासांपेक्षा जास्त जुळणार नाही. हे मी घड्याळासह मांडून पाहिले आहे. तो तक्ता सोबत जोडते.

आता चौथ्या वाक्याविषयी. तू ‘खरं’ हा शब्द लिहिला नसतास, तर मी गुडघ्यांवर भागवले असते.

आई म्हणाली, “आतच बरं. आत हायवे नाही. पोर हरवलं तरी जाऊन जाऊन जाणार कुठं? फिरून फिरून पार्काच्या मधल्या त्या राजवाड्यापाशीच सापडेल. आणि लक्ष ठेवायला कोण आहे, तर लोरेन!” हे बोलताना ती हसत होती. दुष्टपणाने नव्हे. ज्या विनोदाला घरात नेहमी हशा मिळतो तो विनोद माणूस जसा सवयीने करतो, तशी.

म्हणजे पुन्हा १९९८ चा ऑगस्ट. ती सकाळ आपल्या घरात कशी सांगतात, ते तुला पाठ आहे. मोटेलाच्या दर्शनी खोलीत पांढऱ्या बुटांचा तो माणूस छोटे टेबल मांडून बसायचा. सुट्टीतल्या घरातला वर्षाचा एक आठवडा विकत घ्या, असे सांगणारी कंपनी. तिचे दोन तासांचे व्याख्यान ऐकले की पार्कची चार तिकिटे फुकट. अट एकच: नवरा-बायको दोघांनी यायचे, मुलांना आणायचे नाही. बाबांना ती अट फार आवडायची. “एकटा नवरा आला तर ‘बायकोला विचारून सांगतो’ म्हणून सटकतो ना! म्हणून दोघांना कोंडतात. पण त्यांना काय माहीत, आपली डोरिस नाही म्हणण्यात माझ्यापेक्षा पुढं आहे!” तीन वर्षे आईबाबा दोन तास माना डोलावून, शेवटी “नाही” म्हणून, हसत हसत तिकिटे घेऊन परत आले होते. त्या वर्षी दोनाचे पाच तास झाले. तू तेरा वर्षांची, मी आठ. तुला सांगून ठेवले होते, दाराची साखळी काढायची नाही. आणि आईबाबा परतले तेव्हा मोटेलासमोर पोलिसांची गाडी उभी होती आणि मागच्या सीटवर मी बसले होते. हायवेच्या कडेने दोन मैल चालत गेलेली, उन्हाने लाल झालेली. “लोरेनने तिला सोडून दिलं.” इथे गोष्ट संपते आणि सगळे हसतात.

तेव्हा कुणीही हसले नव्हते. बाबांनी त्याच दुपारी सामान भरले आणि न बोलता ओहायोपर्यंत गाडी चालवली. तिकिटे तशीच राहिली. पुन्हा आपण कधी गेलो नाही. हसणे पुढच्या वर्षापासून सुरू झाले. लोरेनकडे मांजर देऊ नका, लोरेनकडे कुंडी देऊ नका.

आणि मग टेसाचा बाप्तिस्मा. बाळाला सोफ्यावर निजवून तू बाटली कोमट करायला वळलीस आणि आई भरल्या घरात मोठ्याने म्हणाली, “अगं, बाळ हेझलकडे द्या कुणीतरी! लोरेनच्या भरवशावर ठेवलं तर पोलीसच परत आणून देतील!” सगळे हसले. तू बाळ उचललेस, पिशवी उचललीस, ग्रेगने गाडी काढली. त्या शरद ऋतूत तुम्ही टूसॉनला गेलात.

लोरेन, त्या दिवशी मीही हसले होते. मोठ्याने नाही, पण तू माझ्याकडे बघितलेस तेव्हा मी हसत होते. त्याबद्दल मी तुझी क्षमा मागते. सात वर्षांपूर्वीच मागायला हवी होती.

आणखीही लिहिण्यासारखे आहे. पण हे पत्र आधीच लांबले आहे, आणि हॉटेलाचा निर्णय झाल्यावर सवडीने लिहिता येईल.

तुझी,
हेझल


३ नोव्हेंबर २०१९

प्रिय लोरेन,

सवडीने लिहिता येणार नाही, हे मला गेल्या महिन्यात कळले. मी रोज संध्याकाळी हॉटेलांची माहिती वाचत बसते. कुठली बस किती मिनिटांनी येते हे मला आता तोंडपाठ आहे. काल आई दाराशी उभी राहून म्हणाली, “अगं, चंद्रावर माणसं पाठवली तेव्हा एवढे कागद लागले नसतील!” तेव्हा माझ्या लक्षात आले, की मी हॉटेल शोधतच नाही. एक गोष्ट लिहायची राहू नये, तरीही लिहावी लागू नये, म्हणून मी वेळ काढते आहे.

ती गोष्ट आता लिहिते. वाचून तू पत्र फाडलेस तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचून फाड.

त्या सकाळी तू मला जाऊ दिले नाहीस. हे तुला माहीतच आहे. तुला माहीत नाही ते असे, की मी आदल्या रात्रीच जायचे ठरवले होते. पार्कच्या आतल्या एका उंच हॉटेलाच्या पोटातून उंचावरून एकाच रुळावर धावणारी मोनोरेल गाडी आरपार जाते, असे मी पत्रकात पाहिले होते. माणसे जेवत असतात आणि त्यांच्या डोक्यावरून गाडी जाते. मला पुस्तकांखेरीज कशाचाच हट्ट नव्हता. तो एक होता. मी बाबांना विचारले होते, आपण तिथे राहू या का? ते म्हणाले, “ती आतली हॉटेलं म्हणजे झोपायला नाही गं, मिरवायला असतात.” पत्रकावरच्या चित्रमय नकाशात आपल्या हायवेपासून ते हॉटेल माझ्या दोन बोटांएवढ्या अंतरावर होते. मी दोन बोटे ठेवून मोजले होते. नकाशाला प्रमाण असते, हे तोवर मला कुणी शिकवले नव्हते.

साखळी असेपर्यंत जाता येणार नव्हते. म्हणून मी डोके दुखते म्हणाले. “फार दुखतंय, लोरेन. बर्फ आणतेस?” तू माझ्या कपाळाला हात लावलास. तुला शंका आली नाही. तू बर्फाची बादली घेतलीस, म्हणालीस, “मी गेल्यावर साखळी लाव आणि माझा आवाज ओळखल्याशिवाय काढू नकोस.” बर्फाचे यंत्र इमारतीच्या पलीकडच्या टोकाला होते. तू कोपऱ्यावर वळलीस आणि मी निघाले.

पदपथ नव्हता. गवतातून चालावे लागे आणि ट्रक गेला की झगा डोक्यावर उडे. संत्री विकणाऱ्या दुकानातल्या बाईने मला आत ओढले, रस प्यायला दिला आणि पोलिसांना फोन केला. पोलिसांच्या गाडीतून मी मोटेलाशी परतले, तेवढ्यात आईबाबाही येऊन उतरले, आणि तू दारात रडत उभी होतीस. पोलिसाने वाकून मला विचारले, “कुणी सोडलं गं तुला बाहेर?” बाबांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मी म्हणाले, “लोरेन म्हणाली, जायचं तर जा.”

तू ओरडलीस, “मी असं म्हटलंच नाही!”

आणि बाबा म्हणाले, “मग काय हेझल खोटं बोलते? हेझल?”

ते वाक्य मला नेहमी आठवते. शांत, पुस्तकात डोके घालून बसणाऱ्या मुलीवर शंका घ्यायची कुणाला सुचत नाही. मी त्याचा फायदा घेतला. आधी आठ वर्षांची असताना, भीतीने, आणि नंतर दहा, पंधरा, बावीस वर्षांची असताना, कसलीही भीती नसताना. दर वेळी सगळे हसले की वाटायचे, आता सांगावे. आणि दर वेळी वाटायचे, एवढ्या हसण्यात कशाला. बाबा ते खरे मानूनच गेले.

मी आईला सांगणार आहे. थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला सगळे टेबलाशी असतील तेव्हा, कारण तो विनोद सगळ्यांसमोर होतो. तुला आधी लिहिते, कारण तुला ते सगळ्यांच्या नंतर कळू नये.

हॉटेलाविषयी या पत्रात काही लिहीत नाही.

हेझल


३० नोव्हेंबर २०१९

प्रिय लोरेन,

तुझे उत्तर आलेले नाही आणि मी त्याची वाट पाहण्याचा हक्क सांगत नाही. परवा काय घडले, तेवढे मात्र तुला कळायला हवे.

नऊ जण होतो. टर्की कापून झाली होती, रताळी फिरत होती. मी बोलायचे वाक्य पाठ केले होते, पण आरंभ कसा करावा हे सुचत नव्हते. तो डेल काकांनी करून दिला. बाबांचे भाऊ असूनही त्यांना बाबांसारखे थांबायचे कुठे हे कधीच कळले नाही. तोंडात घास असतानाच म्हणाले, “काय डोरिस वहिनी, फ्लोरिडाला निघालात म्हणे! लोरेनही येणार? मग तिथल्या पोलिसांना आधीच फोन नंबर देऊन ठेवा, त्यांना शोधत बसायला नको!”

हशा झाला. मी उठून उभी राहिले. घरात मी कधी उभी राहून बोललेली नाही, म्हणून सगळ्यांना वाटले, मी प्रार्थना म्हणणार आहे. मार्जी काकूंनी तर हात जोडले.

मी म्हणाले, “लोरेनने मला सोडलं नव्हतं. मी पळाले होते. आणि मी खोटं सांगितलं.”

आईने रताळ्यांचे भांडे खाली ठेवले. “हेझल, बस खाली. बहीण यावी म्हणून तू हे करतेस, कळतं मला. पण पाठीशी घालण्यासाठी खोटं बोलू नकोस बाई. तुला ते जमत नाही.”

“जमतं, आई,” मी म्हणाले. “एकवीस वर्षं जमलंय.”

लोरेन, हे मला अपेक्षित नव्हते. मी तिच्या रागाची, रडण्याची तयारी केली होती. माझे खरे कुणाला खोटे वाटेल, याची नव्हती. सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते! डेल काका म्हणाले, “पोरगी सोन्यासारखी आहे.” त्या क्षणी तुला त्या मोटेलाच्या दारात काय वाटले असेल, ते मला प्रथमच थोडेसे समजले.

मी बर्फाचे सांगितले. डोके दुखते म्हणून मी लोरेनला बर्फ आणायला पाठवले, असे म्हणाले आणि बादली हा शब्द उच्चारला. आईचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

“पायरीवर होती,” ती म्हणाली. “पाण्याने भरलेली बादली. माझा पाय लागून सांडली. मी तिच्यावरच ओरडले. म्हटलं, बहीण रस्त्यावर आणि तू पाण्यात खेळत बसलीस?” मग ती कुणाशीच बोलत नसल्यासारखी म्हणाली, “बर्फ होता तो. विरघळलेला.”

कुणी जेवले नाही म्हटले तरी चालेल. डेल काका टोपी शोधू लागले. जाताना दारात माझ्याकडे न बघता म्हणाले, “मी सांगायचो तो किस्सा दर नाताळला. ऑफिसातसुद्धा.” एवढेच. मार्जी काकू त्यांना बाहेर ओढत म्हणाल्या, “आता तरी तोंड आवरा!”

आई माझ्याशी दोन दिवस बोललेली नाही. दिवाणखान्यात बसते आणि दूरचित्रवाणी न लावता तिच्याकडे बघते. आज सकाळी मात्र माझ्या खोलीच्या दाराशी आली. बाबांचे नाव घेऊन म्हणाली, “वॉल्टर तिला शेवटपर्यंत म्हणत राहिला, जबाबदारी शीक. आता त्याला कोण सांगणार?” मग ती म्हणाली, “ते तुझे दोन रकाने फाडून टाक. लोरेनला विचार. ती म्हणेल तिथं राहीन मी. आत म्हणाली तर आत, बाहेर म्हणाली तर बाहेर. तंबू ठोकायचा म्हणाली, तर तंबूत.”

“तू स्वतः का विचारत नाहीस?” मी म्हणाले.

“विचारणार आहे,” ती म्हणाली. “पण आधी क्षमा मागायची आहे आणि ती हॉटेलाच्या गोष्टीबरोबर एका फोनात मागत नाहीत. आज क्षमा. हॉटेल उद्या.”

ती आता खाली फोनपाशी बसली आहे. नंबर तिला पाठ आहे. मला माहीत नव्हते.

हेझल


२० डिसेंबर २०१९

प्रिय लोरेन,

तुमचे दोघींचे काय बोलणे झाले, ते आईने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. दीड तास झाला, एवढे मला जिन्यातून कळले.

तुझे कार्ड काल आले. “बाहेर. एकच खोली, दोन मोठे पलंग. आम्ही तिघं आणि आई. तुझं सगळं वाचलं. तू येऊ नकोस.”

समजले.

नोंदणी केली आहे. कागद सोबत आहेत. चौघांसाठी एक खोली असली तरी कोपऱ्यातली घेतली आहे, म्हणजे एकाच बाजूला शेजार. आईला खिडकीकडचा पलंग द्यावा. ती पाच वाजता उठते आणि उजेड पाहिला की गप्प बसते, अंधार असला तर बोलते. पार्कची बस दारातून सुटते. आत राहणाऱ्यांचा आधीचा तास तुम्हाला मिळणार नाही, पण घाई करू नका. गर्दी दुपारी जेवणाच्या वेळी ओसरते, तेव्हा मोठ्या पाळण्यांकडे जावे. आई पार्कमध्ये भाड्याने मिळणारी, बसून फिरायची विजेची गाडी घ्यायला नाही म्हणेल. टेसाला मांडीवर बसायचे आहे असे सांगावे, म्हणजे घेईल. तिचे औषध निळ्या डबीत असते. दर्शनी खोलीत कुणी फुकट तिकिटांचे विचारले, तर तिला पुढे करू नकोस, ती भांडेल.

मी तिला विमानतळावर सोडीन. “तू का येत नाहीस?” असे तिने काल मला विचारले. मी म्हणाले, लोरेनने नको म्हटले आहे. ती बराच वेळ स्वयंपाकघरात भांडी पुसत राहिली. मग म्हणाली, “बरोबर आहे तिचं,” आणि थोड्या वेळाने, “तुला मी गोठवलेलं सूप करून ठेवते आठवड्याचं.”

सुखरूप जा आणि या.

हेझल


१६ फेब्रुवारी २०२०

प्रिय लोरेन,

आईने आल्यापासून एकही दिवस दुसरा विषय काढलेला नाही. टेसा आजीच्या कुशीत झोपली. टेसाने आजीला सर्वांत उंच घसरगाडीत बसवले आणि आजी किंचाळली नाही, टेसा किंचाळली. तू रात्री सर्वांचे बूट दाराशी ओळीने लावतेस, हे तिने मला तीन वेळा सांगितले. ग्रेग चांगला माणूस आहे, असे ती आता म्हणते. सात वर्षांपूर्वीही तो चांगलाच होता, असे मी म्हणाले नाही.

काल टेसाचे पाकीट आले. त्यावर पत्ता तुझ्या अक्षरात आहे. आत तलावाच्या काठावर पाय सोडून बसलेल्या आईचा फोटो, आणि मागे पेन्सिलीने लिहिलेले: “हेझल मावशी, आजी म्हणाली सगळ्या हॉटेलांची माहिती तू काढलीस. मग तू कुठल्या हॉटेलात होतीस? मी रोज नाश्त्याला शोधलं.”

मी तिला तीन उत्तरे लिहिली. पहिल्यात ग्रंथालयात काम होते. दुसऱ्यात मला ताप आला होता. दोन्ही नीटनेटकी होती, सात वर्षांच्या मुलीला पुरेशी होती, आणि दोन्ही मला अगदी सहज सुचली. फाडून टाकली. तिसरे उत्तर सोबत ठेवते आहे. पाकीट चिकटवलेले नाही. वाचून बघ, तिला द्यायचे की नाही, हे ठरवणारी तू आहेस. नाही दिलेस तरी मी समजून घेईन.

हेझल


प्रिय टेसा,

मी कुठल्याच हॉटेलात नव्हते. आतल्याही नाही आणि बाहेरच्याही नाही. मी इथे टोलिडोत घरीच होते.

मी आठ वर्षांची असताना तुझ्या आईला न सांगता एकटीच रस्त्यावर निघून गेले होते. सापडल्यावर मी सगळ्यांना सांगितले, की तिनेच मला जाऊ दिले. ते खोटे होते. तुझी आई माझी नीट काळजी घेत होती. सगळ्यांनी माझे ऐकले, आणि मी खूप वर्षे खरे सांगितले नाही. म्हणून तिला माझा राग आला आहे. तो येणे बरोबर आहे. तो केव्हा जाईल, किंवा जाईल की नाही, हे मला माहीत नाही, आणि तू तिला ते विचारू नयेस.

तू मला नाश्त्याला शोधलेस, हे वाचून मला फार बरे वाटले.

तुझी मावशी,
हेझल